अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी: मिश्र वस्तीतले पब्लिक स्कूल कसे निवडावे आणि तिथे कसे रुजावे

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यातच घर शोधणे आणि शाळा शोधणे ही दोन कामे एकमेकांत गुंतून जातात. न्यू जर्सीत आम्ही भाड्याचे घर पाहत होतो तेव्हा प्रत्येक घराच्या भाड्याशेजारी मोबाइलवर जवळच्या शाळेचा एक ते दहामधला आकडा झळकत असे, आणि आमच्या आधी आलेली मंडळी कळकळीने सांगत, ‘आठच्या खाली बघूच नका.’ ज्या शाळेचा आकडा चार होता, तिच्याच हद्दीत आम्ही शेवटी राहायला गेलो. त्यामागे सुरुवातीला कोणतेही तत्त्व नव्हते. तिथले भाडे परवडत होते, एवढेच. त्या शाळेत आमच्या दोन्ही मुली वाढल्या. त्यांच्या वर्गात हैती, एल साल्वाडोर, फिलिपिन्स आणि इजिप्तमधून आलेल्या घरांतली मुले होती, तीन पिढ्या त्याच गावात राहिलेल्या कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय कुटुंबांची मुले होती; कुणाचे वडील रुग्णालयात डॉक्टर होते, तर कुणाची आई महामार्गालगतच्या गोदामात रात्रपाळी करत होती. अशा शाळेपुढे उभे राहून ‘जमेल का आपल्याला’ असा विचार करणाऱ्या पालकांना हाताशी काहीतरी असावे, म्हणून हे लिहीत आहे. उदाहरणे मुख्यतः न्यू जर्सीची आहेत. इतर राज्यांत तपशील बदलतात. कामांचा क्रम मात्र फारसा बदलत नाही.

पहिली पायरी: हद्द समजून घ्या, मगच भाडेकरारावर सही करा

आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलेली शाळा बहुधा खासगी आणि महागडी असते. इथे मात्र पब्लिक स्कूल म्हणजे करांतून चालणारी, बालवाडीनंतरच्या किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत मोफत शिकवणारी शाळा. देशातली बहुसंख्य मुले याच शाळांत जातात, त्यामुळे गावाकडच्या सरकारी शाळेविषयीचे आपले बरेवाईट ग्रह इथे लावून पाहू नयेत. शाळा चालवणारी संस्था म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट’. हा आपल्या जिल्ह्यासारखा मोठा नसतो. न्यू जर्सीसारख्या लहान राज्यातच असे जवळपास सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत. तुमचा पत्ता ज्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो त्याच्याच शाळेत मुलाला हक्काने प्रवेश मिळतो, आणि डिस्ट्रिक्टच्या आतही रस्त्यागणिक शाळा ठरलेली असते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची घरे दोन वेगळ्या शाळांकडे जाऊ शकतात. म्हणून दलालाच्या किंवा घरांच्या संकेतस्थळाच्या सांगण्यावर न थांबता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून घरक्रमांकासह पत्ता द्यावा, ‘या पत्त्याला कोणती शाळा आहे आणि तिथे जागा आहे का’ असे विचारावे, आणि उत्तर शक्यतो ईमेलवर मागून घ्यावे.

ही हद्द इतकी निर्णायक का, हे कळले की वर्गातली मुले कोणत्या घरांतून येतात याचाही उलगडा होतो. शाळांच्या खर्चाचा निम्म्याच्या जवळपास जाणारा भाग स्थानिक करांतून, मुख्यतः घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून येतो, साधारण तेवढाच राज्याकडून येतो, आणि केंद्राचा वाटा लहान असतो. म्हणजे महाग घरांच्या गावात शाळेला पैसा सहज मिळतो आणि त्या गावात राहायला कोण येऊ शकते, हे घरांची किंमत ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ‘ब्राउन’ खटल्यात वंशावरून वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य ठरवले. परंतु १९७४ मध्ये डेट्रॉइट शहराच्या खटल्यात, शेजारच्या उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांच्या डिस्ट्रिक्टना मिश्रणाच्या योजनेत ओढता येणार नाही, असा निकाल दिला. कायदा वंशभेदाला मनाई करत राहिला आणि गावांच्या सीमा मुलांना वेगळे करत राहिल्या. न्यू जर्सीच्या १९४७ च्या राज्यघटनेत तर शाळांतील वांशिक विभागणीला थेट बंदी आहे, तरीही या राज्यात काही मैलांच्या अंतरावर पूर्णपणे वेगळ्या जगातल्या शाळा दिसतात.

खरोखर मिश्र असलेल्या शाळा बहुतेक ठिकाणी कुणीतरी जाणीवपूर्वक प्रयत्न केल्यामुळे उभ्या राहिल्या आहेत. १९७१ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मॉरिसटाउन आणि त्याला वेढून असलेली मॉरिस टाउनशिप यांच्या शाळा एका डिस्ट्रिक्टमध्ये आणल्या गेल्या. माँटक्लेअरमध्ये १९७७ पासून शाळांना स्वतःचा खास विषय देऊन पालकांना गावभरातून शाळा निवडू देण्याची पद्धत सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजने १९८१ मध्ये अशाच हेतूने पालकांच्या पसंतीला समतोलाची अट जोडली. घर शोधताना गावाच्या अशा इतिहासाची चौकशी जरूर करावी, कारण जिथे चाळीस-पन्नास वर्षे मिश्र शाळा चालवण्याची सवय आहे, तिथले शिक्षक आणि पालक दोघेही या कामात मुरलेले असतात.

लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट आधी पाहावी. ‘ॲबट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यांत न्यू जर्सीच्या न्यायालयाने गरीब शहरी डिस्ट्रिक्टना वाढीव निधी मिळवून दिला, आणि १९९८ च्या निकालापासून तिथे तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत, दर्जेदार पूर्वप्राथमिक वर्ग सुरू झाले. जर्सी सिटी, न्यू ब्रन्सविक, पर्थ अँबॉय ही त्यांपैकी काही शहरे आहेत. खासगी पाळणाघराचे महिन्याचे बिल पाहिलेल्या कोणालाही याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी पायरी: आकडा उलगडून वाचा

मोबाइलवर दिसणारा तो एक ते दहामधला आकडा बहुतेक वेळा ‘ग्रेटस्कूल्स’ या संस्थेचा असतो. तो मोठ्या प्रमाणात राज्याच्या परीक्षांतील गुणांवर बेतलेला असतो. २०२० पासून त्यात मुलांच्या प्रगतीला पूर्वीपेक्षा अधिक वजन दिले जाते, हे चांगलेच झाले. पण परीक्षेतील सरासरी गुणांवर घरच्या उत्पन्नाचा आणि पालकांच्या शिक्षणाचा प्रभाव फार असतो. ज्या शाळेत दोन वर्षांपूर्वी देशात आलेले मूलही इंग्रजीतूनच परीक्षा देते, त्या शाळेची सरासरी खाली येणारच. त्यावरून तिथले शिक्षक कमी शिकवतात, असा निष्कर्ष निघत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शिकागोचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी देशभरातील परीक्षांचे निकाल तपासले आणि २०१७ मध्ये दाखवून दिले की शिकागोच्या पब्लिक स्कूलमधील मुले तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सरासरी सहा वर्षांइतकी प्रगती करत होती. तिसरीत ती देशाच्या सरासरीपेक्षा मागे असत, म्हणून एकाच वर्षाचा आकडा पाहणाऱ्याला शिकागोच्या शाळा वाईट वाटत. पण शाळेने प्रत्यक्ष काय केले, हे पाहायचे तर मूल कुठून निघाले आणि कुठे पोहोचले ते पाहावे लागते.

म्हणून राज्य सरकार दरवर्षी प्रसिद्ध करते तो शाळेचा अहवाल काढून वाचावा. न्यू जर्सीत त्याला ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ म्हणतात. त्यात मी चार जागा पाहते. पहिली, ‘ग्रोथ’ किंवा प्रगतीचा आकडा: हा ५० च्या आसपास असेल तर मुले राज्यातल्या आपल्यासारखेच गुण असलेल्या मुलांइतकी पुढे जात आहेत, आणि त्याहून बराच वर असेल तर शाळा आपले काम उत्तम करत आहे. दुसरी, वेगवेगळ्या गटांचे निकाल: कृष्णवर्णीय, लॅटिनो, आर्थिकदृष्ट्या दुर्बळ मुलांची प्रगती वेगळी दिलेली असते, आणि एखाद्या शाळेची सरासरी चकचकीत असूनही त्यातला एखादा गट तळाशी असेल, तर ती शाळा कुणासाठी चालते याचा विचार करावा. तिसरी, दीर्घ गैरहजेरी, म्हणजे शाळेचे दहा टक्के किंवा अधिक दिवस बुडवणाऱ्या मुलांचे प्रमाण. चौथी, शिक्षकांचा अनुभव. अहवालात ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बळ’ म्हणून जे प्रमाण दिलेले असते ते प्रामुख्याने मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र मुलांवरून काढतात. केंद्राच्या नियमानुसार दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाला जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळते. हे प्रमाण मोठे असणे म्हणजे धोक्याची खूण नव्हे. उलट १९६५ च्या कायद्यातील ‘टायटल वन’ तरतुदीखाली अशा शाळांना जास्तीचा निधी मिळतो, आणि आमच्या शाळेत वाचनासाठी नेमलेल्या स्वतंत्र शिक्षिकेचा पगार त्यातूनच निघत असे.

तिसरी पायरी: शाळा डोळ्यांनी पाहा

कार्यालयात फोन करून ‘आम्ही या हद्दीत राहायला येत आहोत, शाळा पाहता येईल का’ असे विचारले की बहुतेक ठिकाणी वेळ देतात. इमारत जुनी आहे का, मैदान केवढे आहे, यांकडे फार लक्ष देऊ नये. शक्य असल्यास जेवणाच्या सुट्टीच्या आसपासची वेळ मागावी आणि मुले कुणाशेजारी बसतात ते पाहावे. सगळीकडे मुले आपापल्या गटात बसतात, त्यामुळे पूर्ण मिसळलेली टेबले शोधू नयेत. पण दुसरी-तिसरीच्या वर्गातही वर्णानुसार टेबले वेगळी पडलेली असतील, तर विचारात पडावे. मोठी माणसे मुलांशी कशी बोलतात हे त्याहून महत्त्वाचे आहे. उशिरा आलेल्या मुलाला कार्यालयातील बाई कोणत्या सुरात काय म्हणतात, आणि तोच सूर सगळ्यांसाठी आहे का, हे दहा मिनिटे बाकावर बसून कळते.

मुख्याध्यापकांना विचारण्यासारखे माझे आवडते प्रश्न तीन आहेत. ‘गिफ्टेड’ किंवा प्रगत वर्गासाठी मुलांची निवड कशी होते आणि त्या वर्गात शाळेतल्या सगळ्या गटांची मुले असतात का? घरी इंग्रजी न बोलणाऱ्या पालकांपर्यंत शाळा कशी पोहोचते? मागच्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? या प्रश्नांवर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अवघडल्या नाहीत, उलट ‘पहिल्या बाबतीत आम्ही अजून कमी पडतो’ असे मोकळेपणाने म्हणाल्या.

चौथी पायरी: नोंदणीची कागदपत्रे

जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचा तपासणी अहवाल ही चार कागदपत्रे सर्वत्र लागतात. आपल्या अनेक जन्मदाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. निघण्यापूर्वीच नगरपालिकेतून नाव घालून घ्यावे, कारण इथून ते काम फार अवघड होते. सुरुवातीला नातेवाइकांकडे उतरला असाल तर त्यांचे शपथपत्र चालते का, ते कार्यालयात विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर’ निकालानुसार कोणत्याही मुलाला स्थलांतराच्या दर्जावरून पब्लिक स्कूलचा प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे व्हिसाची मुदत, वाढीचा प्रलंबित अर्ज या गोष्टींची चिंता प्रवेशाच्या खिडकीपर्यंत नेऊ नये.

लसींच्या बाबतीत दोन ठिकाणी आपली मुले अडतात. भारतातील सरकारी कार्यक्रमात गोवर आणि रुबेला यांची एकत्र लस देतात, तर इथे त्यांबरोबर गालगुंडाचीही मागतात. कांजिण्यांची लसही सरकारी कार्यक्रमात नसल्याने अनेकांची राहिलेली असते. क्षयरोगाची त्वचा-चाचणी मागितली तर मुलाला बीसीजी दिली असल्याचे आधीच सांगावे, कारण बीसीजीमुळे ती चाचणी चुकीने सकारात्मक येऊ शकते. त्याऐवजी रक्ताची चाचणी करता येते.

नोंदणीच्या अर्जातील दोन प्रश्नांपाशी आपले पालक हमखास थबकतात. पहिला घरच्या भाषेचा. ‘मूल प्रथम कोणती भाषा बोलू लागले’ या प्रश्नापुढे ‘मराठी’ लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी घेतली जाते, आणि गरज वाटल्यास त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात मदत मिळते. ही चाचणी टाळण्यासाठी ‘इंग्रजी’ असे लिहा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नये. मुलाला इंग्रजी चांगले येत असेल तर ते चाचणीत दिसेल आणि प्रश्न मिटेल. येत नसेल तर ही मदत त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या पालकांनी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवून दिला आहे. आमची धाकटी त्या गटात एक वर्ष होती. तिथे तिला पहिली मैत्रीण मिळाली, आणि तिलाही इंग्रजी येत नव्हते.

दुसरा प्रश्न वंशाचा. आधी ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का’ असे विचारतात, मग वंशाचे पर्याय देतात. भारतीय कुटुंबे ‘एशियन’ निवडतात. ‘अमेरिकन इंडियन’ हा पर्याय या भूमीतील मूळ रहिवाशांसाठी आहे, घाईत त्यावर खूण करू नये. याच नोंदींवरून शाळेने सर्व गटांना समान वागवले का हे तपासता येते, म्हणून हा रकाना रिकामा न सोडणे चांगले.

पाचवी पायरी: डबा, नाव आणि डिसेंबरचे विमान

पहिल्या महिन्यातला आमचा एक प्रसंग सांगते. संकष्टी होती, म्हणून मी मोठीला साबुदाण्याची खिचडी दिली, नेहमीप्रमाणे भरपूर दाण्याचे कूट घालून. वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. तसे पत्रक घरी आले होते, पण पंचवीस पानांच्या गठ्ठ्यात ते माझ्या नजरेतून सुटले. जेवणघरातील देखरेख करणाऱ्या बाईंनी डबा उघडताच ओळखले आणि मुलीला वेगळ्या टेबलावर बसवले. ती घरी आली तेव्हा डबा तसाच होता. ‘आई, माझं जेवण डेंजरस आहे?’ तिने दारातच विचारले. त्या बाईंनी नियमानुसार केले ते योग्यच होते, पण सात वर्षांच्या मुलीला त्याचे कारण कुणी समजावून सांगितले नाही याची खंत मला आजही आहे. तेव्हा शाळा सुरू होण्यापूर्वी शिक्षिकेला नेमके विचारून घ्या: वर्गात कुणाला ॲलर्जी आहे का, सक्तीने वेगळे टेबल आहे का. पोहे, चटणी, चिक्की, कोशिंबीर, आपल्या स्वयंपाकात दाणे कुठे कुठे असतात याची त्या शिक्षिकेला कल्पना नसते. मी त्यानंतर खिचडीत कुटाऐवजी ओले खोबरे घालू लागले. शाळेचे जेवण घेणार असाल तर गोमांस आणि डुकराचे मांस नको, हे लेखी कळवावे, आणि मुलालाही ते पदार्थ नावाने ओळखायला शिकवावे.

नावाचा उच्चार पहिल्याच दिवशी शिक्षिकेला तीनदा म्हणून दाखवावा. सोपे टोपणनाव देण्याची घाई करू नये. मिश्र शाळेचा हा एक मोठा फायदा आहे की तिथे प्रत्येकाचेच नाव कुणाला तरी कठीण जाते, आणि शिक्षकांना विचारून घेण्याची सवय असते.

गैरहजेरीविषयी स्पष्टच लिहिते. न्यू जर्सीत शाळेचे दिवस १८०, म्हणजे अठरा दिवस बुडले की मूल दीर्घ गैरहजर ठरते. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून महिनाभर पुण्याला किंवा कोल्हापूरला जाण्याची आपली पद्धत या हिशेबात थेट बसत नाही. काही डिस्ट्रिक्ट सलग दीर्घ गैरहजेरीनंतर पटावरून नावही कमी करतात. तिकीट काढण्यापूर्वी कार्यालयात विचारावे, आणि लांबचा प्रवास जूनअखेर ते ऑगस्टच्या सुट्टीत करावा, मग पावसाळा का असेना.

सहावी पायरी: इतर पालकांपर्यंत चालत जा

या पायरीवर बहुतेक कुटुंबे अडखळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यावे लागतात. एका छपराखाली बसवल्याने मुले एकमेकांची होत नाहीत. दुपारी तीन वाजता शाळा सुटली की प्रत्येक मूल आपापल्या पालकांच्या वर्तुळात परत जाते, आणि आपले वर्तुळ बहुधा शनिवारचा मराठी मंडळाचा कार्यक्रम, रविवारची मराठी शाळा आणि ओक ट्री रोडवरची वाणसामानाची फेरी एवढ्यातच पूर्ण होते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने चालणाऱ्या मराठी शाळांत मुले जातात हे मला फार मोलाचे वाटते. पण आठवड्याचे सातही दिवस त्याच चार घरांत गेले, तर मिश्र शाळेत घालून उपयोग काय झाला?

खिचडीच्या प्रसंगानंतर मी त्या ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला शोधून माफी मागितली. ती कृष्णवर्णीय, गोदामात रात्रपाळी करणारी, सकाळी सातला घरी येऊन मुलाला शाळेत सोडून मग झोपणारी. ती म्हणाली, ‘तू विचारायला आलीस, हेच पुष्कळ आहे.’ तिच्याशी बोलताना कळले की पालक संघटनेच्या बैठका सकाळी दहाला असतात आणि ती वेळ तिच्या झोपेची असते. तीन वर्षांत ती एकाही बैठकीला येऊ शकली नव्हती. आम्ही दोघींनी मिळून शिक्षिकेकडे आणि मग संघटनेकडे बैठकीची वेळ बदलण्याची मागणी केली. बैठका संध्याकाळी साडेसहाला होऊ लागल्या, शेजारच्या खोलीत मुलांना सांभाळण्याची सोय झाली, स्पॅनिशमध्ये सांगणारी एक आई पुढे आली, आणि खोलीतले चेहरे बदलले.

यातून नवख्या पालकांनी काय करावे, तर सप्टेंबरमधील ‘बॅक टू स्कूल नाइट’, म्हणजे पालकांना वर्ग आणि शिक्षकांची ओळख करून देणारी संध्याकाळ, आणि नोव्हेंबरच्या सुमारास होणारी शिक्षक-पालक भेट कधीही चुकवू नये. ज्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही अशा अनेक मराठी आयांकडे सकाळचा वेळ असतो. ग्रंथालयात किंवा वर्गात विनामोबदला मदतीला जावे. त्यासाठी आपली पार्श्वभूमी तपासण्याचा अर्ज भरावा लागतो, म्हणून तो ऑगस्टमध्येच भरून टाकावा. बसथांब्यावर आपल्याच भाषेत घोळका करून उभे राहू नये.

पैशाच्या बाबतीत विशेष जपावे. पुस्तक-प्रदर्शनाच्या दिवशी काही मुले वीस डॉलर घेऊन येतात आणि काही मुले नुसती पुस्तके हाताळून परत ठेवतात. त्या दिवशी मुलीच्या हातात मोठी नोट देण्याऐवजी आम्ही वर्गाच्या ग्रंथालयासाठी एक पुस्तक घेऊ लागलो. वाढदिवस ट्रॅम्पोलिनच्या महागड्या जागी करण्याऐवजी बागेत केला तर भेटवस्तूचे आणि परतफेडीचे दडपण कुणावर येत नाही. निमंत्रणावर ‘भेट आणू नये’ असे लिहावे, भावंडांनाही बोलवावे, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना नेण्या-आणण्याचे आपणहून विचारावे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलांना खेळायला बोलवायला मला आधी संकोच वाटे. ॲलर्जी असलेल्या त्या मुलाचे घर आमच्याहून लहान होते, हे मला फार उशिरा कळले.

सातवी पायरी: घरातली भाषा तपासा

मुलीने वर्गाचा फोटो व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजीला दाखवला. आजीने सहज, अगदी प्रेमाने विचारले, ‘हा काळा मुलगा कोण गं तुझ्याशेजारी?’ मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. तिला तो शब्द वर्णन म्हणून आला की कमीपणा म्हणून, हे ठरवता येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्या घरात तो दोन्ही अर्थांनी वापरला जात होता. ‘रंग सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस’ या वाक्यातला ‘पण’ आपण लहानपणापासून ऐकतो आणि मुलेही ऐकतात. मी आजींना नंतर एकटीने फोन करून समजावले. त्यांनी मनावर घेतले आणि पुढच्या वेळी त्या मुलाचे नाव घेऊन चौकशी केली.

मुलांशी याबद्दल लवकर आणि साध्या शब्दांत बोलावे. सहा वर्षांच्या मुलीला मी रूबी ब्रिजेसची गोष्ट सांगितली: १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्याच वयाच्या त्या मुलीला श्वेतवर्णीयांच्या शाळेत जाताना सोबत सरकारी संरक्षक द्यावे लागले. मोठ्या मुलांना हेही सांगावे की नागरी हक्कांच्या चळवळीने १९६४ चा कायदा मिळवला, आणि त्याच वातावरणात १९६५ चा स्थलांतर कायदा झाला, ज्यामुळे आपल्यासारख्या कुटुंबांना इथे मोठ्या संख्येने येता आले. महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध त्याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. आणि त्याआधी पंचवीस वर्षे, १८४८ मध्ये, पुण्यात सावित्रीबाई व जोतीरावांनी मुलींसाठी शाळा उघडली होती. शाळेच्या दारात कुणाला अडवले जाते, हा प्रश्न मराठी घराला परका नाही.

आठवी पायरी: पाचवी-सहावीत पुन्हा जागे व्हा

प्राथमिक शाळेत मिसळलेली मुले माध्यमिकमध्ये पुन्हा वेगळी होतात, कारण गणिताचे आणि इंग्रजीचे वर्ग पातळीनुसार पाडले जातात. एका इमारतीत दोन शाळा तयार होतात, आणि प्रगत वर्गात आपली आणि श्वेतवर्णीयांची मुले अधिक दिसू लागतात. प्रगत वर्गाची प्रवेशचाचणी कधी आहे, चाचणीतून निवड न झालेल्या मुलासाठी पालक पुनर्विचाराचा अर्ज करू शकतात, ही माहिती आमच्या व्हॉट्सॲप गटावर दोन महिने आधी फिरत होती. ॲलर्जी असलेल्या त्या मुलाच्या आईपर्यंत ती पोहोचलीच नव्हती, आणि तो गणितात आमच्या मुलीपेक्षा सरस होता. मी तिला अर्जाविषयी सांगितले. पुढचे सारे तिनेच केले, आणि सातवीत तो प्रगत वर्गात गेला. तेव्हापासून अशी कोणतीही माहिती हाती आली की मी ती आधी वर्गाच्या सर्वसाधारण गटावर टाकते. आपल्या मुलांसाठी जमवलेली माहिती आपल्यापुरती ठेवणे, हे या शाळांत नकळत केले जाणारे मोठे नुकसान आहे.

नववी पायरी: काही बिघडले तर

मुलाला वर्ण, उच्चार, धर्म किंवा डबा यांवरून त्रास झाला, किंवा आपल्या मुलाने दुसऱ्याला तसा त्रास दिला, तर प्रथम शिक्षिकेला ईमेल करावा. तारीख, स्थळ आणि नेमके शब्द लिहावेत. न्यू जर्सीच्या २०११ च्या छळविरोधी कायद्यानुसार प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते आणि तक्रारीची चौकशी शाळेच्या दहा दिवसांत पूर्ण व्हावी लागते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे संरक्षण आपल्या मुलांनाही आहे. दुभाषी हवा असल्यास मागावा. संकोच करू नये.

आणि शाळा खरोखर जुळली नाही तर? एका वर्षाच्या आत निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे, कारण पहिले वर्ष नव्या देशाचे असते आणि त्याचा सगळा भार शाळेवर टाकला जातो. मूल रोज सकाळी पोटदुखीची तक्रार करत असेल, शिक्षक बदलूनही त्याचे वाचन वर्षभर जागचे हलले नसेल, किंवा तक्रारीला उत्तरच मिळत नसेल, तर मात्र थांबू नये. त्याच डिस्ट्रिक्टमधील खास विषयाच्या शाळा, सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या आणि सोडतीने प्रवेश देणाऱ्या चार्टर शाळा, शेजारच्या डिस्ट्रिक्टने बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या जागा, हे पर्याय हद्द न बदलताही मिळू शकतात. त्यांचे अर्ज बहुधा पुढील सप्टेंबरसाठी आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात, तेव्हा चौकशी नोव्हेंबरात सुरू करावी. शाळा बदलताना निकाल, लसीकरण आणि इंग्रजी चाचणीच्या नोंदी यांची प्रत स्वतःकडे मागून घ्यावी, तो पालकांचा कायदेशीर हक्क आहे. आणि मुलाला जुन्या वर्गातील मित्रांच्या घरचे फोन क्रमांक लिहून घ्यायला एक दिवस आधी सांगावे.